शाईसंग्रह, घरगुती (खान्देश)

फाउंटन पेनमध्ये भरायच्या शाईच्या बाटल्या जमवणे, त्या घरात टिकवून ठेवणे आणि आल्यागेल्याला दिसतील अशा मांडणे, या तिन्हींना मिळून शाईसंग्रह म्हणता येईल. पहिले काम पैशाचे आहे. उरलेली दोन एकमेकांच्या मुळावर येतात : शाई टिकते अंधारात आणि शोभते उजेडात. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत हा पेच आणखी घट्ट होतो. जळगाव-भुसावळ भागात मे महिन्यात पारा 45 अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नेहमीचे. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्याची भिंत रात्री दहा वाजतादेखील हाताला कोमट लागते. ‘बाटली खोलीच्या तापमानाला ठेवावी’ ही बाहेरदेशची सूचना इथे वाचली की पहिला प्रश्न पडतो, कोणत्या खोलीच्या?

पूर्वपीठिका

दोन पिढ्यांपूर्वी घरात शाईची एकच दौत असे. फार तर एक निळी, एक तांबडी. पेढीवर रोजमेळासाठी काळी शाई आणि शाळकरी पोरांसाठी पाण्यात विरघळवायच्या वड्या नाहीतर पुड्या. दांडेकरांच्या कंपनीने, म्हणजे पुढच्या कॅमलिनने, 1931 मध्ये मुंबईत सुरुवात केली ती ‘हॉर्स ब्रँड’ नावाच्या अशाच पुड्या-वड्यांनी. साठवणीच्या बाजूने पाहिले तर कोरडी वडी हा खान्देशासाठी आदर्शच प्रकार म्हणायचा. वाळण्याजोगे तिच्यात काही नव्हतेच.

त्याआधीची शाई काजळाची, बाभळीचा डिंक घालून घोटलेली. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर येथे जपलेल्या हस्तलिखितांतून तिचा काळेपणा आजही पाहायला मिळतो. काजळ म्हणजे कार्बन, तो उजेडाने विटत नाही. शिवाय पोथ्या आणि दप्तरे रुमालात बांधून ठेवायची रीत होती, त्यामुळे कागदालाही उजेड फारसा लागला नाही. आज बाटलीतून येणारी बहुतेक शाई विरघळलेल्या रंगाची असते. तिला हा कणखरपणा नाही, म्हणून रुमालाची जागा कपाटाला घ्यावी लागते. काजळाची शाई हौसेने घरी घोटून पाहायला हरकत नाही, पण ती बोरूसाठी. फाउंटन पेनच्या जिभेत ती शिरली की पेन चोंदलेच.

कोणती शाई किती नाजूक

संग्रहातल्या सगळ्या बाटल्यांना एकच नियम लावणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. साधी, पाण्यात विरघळलेल्या रंगाची शाई (पेलिकन 4001, क्विंक, कॅमल, ब्रिल, सुलेखा यांचे बहुतेक रंग या वर्गात येतात) बंद बाटलीत वर्षानुवर्षे राहते, मात्र उजेडाला घाबरते. त्यातही धुऊन निघणारा रॉयल ब्लू सर्वांत हळवा. खिडकीत विसरलेली बाटली हळूहळू पाणचट होत जाते. वापरणाऱ्याला वाटते कंपनीनेच फसवले.

लोहशाईची गोष्ट वेगळी. मायफळ आणि हिराकस यांच्यापासून ती पूर्वी करीत. बाळगुटीत उगाळतात तेच हे मायफळ. त्यातले टॅनिन आणि हिराकशीतले लोह एकत्र येऊन हवेतल्या ऑक्सिजनने काळे पडते. कागदावर हे व्हायलाच हवे. पण झाकण सारखे उघडले तर तेच बाटलीत होते आणि तळाशी गाळ बसतो. प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक किंवा डायमाइनची रजिस्ट्रार्स इंक असेल तर एका वेळी एकच बाटली फोडावी, ती संपवावी आणि मगच दुसरी घ्यावी. संग्रह वाढवायचा म्हणून ही शाई वाढवू नये.

पिगमेंटच्या शाईत (प्लॅटिनम कार्बन ब्लॅक, सेलर किवागुरो) रंगाचे बारीक कण तरंगत असतात. ती उजेडाला पुरून उरते, पण आट्यांवर एकदा वाळली की पाण्याने सहज सुटत नाही. झाकण लावण्याआधी बाटलीचे तोंड पुसणे हीच तिची सेवा. चमकीच्या शाईतली चमकी तळाला बसते. ते खराब होणे नव्हे, वापरण्याआधी बाटली हलवली की झाले.

उष्णता आणि आटणे

शाईतला रंग उडून जात नाही, पाणी जाते. राहते ते घट्ट, गडद आणि पेनातून कष्टाने उतरणारे. सैल झाकण, झाकणातली झिजलेली चकती आणि पातळ प्लॅस्टिकची बाटली या तीन वाटांनी पाणी निघते, आणि उन्हाळ्यात ते घाईने निघते. नमुन्यादाखल मिळणाऱ्या दोन ते पाच मिलीच्या कुप्यांचे हाल सर्वांत वाईट, कारण मुळात पाणीच थोडे. प्रस्तुत लेखकाने अशा कुप्या एका उन्हाळ्यात माळ्यावर ठेवल्या होत्या. पावसाळ्यात खाली काढल्या तेव्हा निम्म्यांच्या तळाशी रंगाची खपली तेवढी होती.

उपाय साधे आहेत. बाटली घरात आली की शाईच्या पातळीवर बाहेरून कागदी पट्टी चिकटवून तारीख टाकावी. पातळी पट्टीच्या खाली गेलेली दिसली आणि आपण तर पेन भरलेले नाही, म्हणजे झाकण गळके आहे. नळजोडणीवाला वापरतो ती टेफ्लॉन टेप आट्यांवर दोन वेढे दिली की बरीच झाकणे सुधारतात. आटलेल्या शाईत थोडे थोडे डिस्टिल्ड वॉटर घालून ती पूर्ववत करता येते, कागदावर ओळ ओढून पाहत पाहत. बोअरचे जड पाणी मात्र घालू नये. त्यातले क्षार शाईशी भांडतात.

कुरिअरने मे महिन्यात आलेले पार्सल लगेच उघडायचा मोह आवरावा. तापलेल्या बाटलीत आतली हवा फुगलेली असते आणि शाई आट्यांत चढलेली. एक रात्र सावलीत निवू द्यावी, मग परातीत ठेवून झाकण हळू फिरवावे.

फ्रिजचा सल्ला अधूनमधून दिला जातो. तो मानू नये. थंडीने काही रंग तळाशी बसतात, बाटली बाहेर काढताच तिला घाम फुटून लेबल सुटते, आणि पन्ह्याच्या बाटलीशेजारी हिरवी शाई ठेवणाऱ्याला घरचे काय म्हणतील ते वेगळेच.

ओल, कूलर आणि बुरशी

उन्हाळा कोरडा असला तरी घर कोरडे नसते, कारण कूलर. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा माणसाला सुख देते आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांना बुरशी. कूलरच्या झोतासमोर शाईचे कपाट नको. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीलाही टेकवून नको.

शाईच्या आतली बुरशी हे निराळे आणि मोठे दुखणे. शाईत बुरशीनाशक घातलेले असते, तरी पेन थेट बाटलीत बुडवण्याच्या सवयीने बाहेरची घाण आत जाते. वर पांढरट साय, आत तंतू, नेहमीपेक्षा वेगळा कुबट वास यांपैकी काहीही दिसले तर ती बाटली गाळून, उकळून वाचवण्याच्या फंदात न पडता टाकून द्यावी, आणि तिच्यातून भरलेले प्रत्येक पेन धुवावे. महागड्या बाटलीबाबत हे जिवावर येते. मेडिकल दुकानातून सिरिंज आणून लागेल तेवढीच शाई काढली तर ही वेळ सहसा येत नाही.

घरातील जागा

खान्देशातली जुनी धाब्याची घरे या कामाला उत्तम. जाड मातीच्या भिंती, वर मातीचे धाबे, भिंतीतच कोरलेले कोनाडे आणि लाकडी दारांची फडताळे. अशा घरात दिवस-रात्रीच्या तापमानात चढउतार कमी. फडताळाचे दार लावले की अंधार. ज्यांच्या गावच्या घरात असे फडताळ रिकामे आहे त्यांनी शहरात शाईसाठी नवे फर्निचर करण्याआधी एकदा विचार करावा. उंदीर आणि वाळवी यांचा बंदोबस्त मात्र आधी; लेबलांची खळ त्यांनाही आवडते.

स्लॅबच्या घरात तळमजला, घराचा मध्य आणि आतली भिंत ही क्रमवारी धरावी. पश्चिमेची भिंत संध्याकाळी तव्यासारखी होते. तिला टेकलेले लोखंडी कपाट आतून अंधारे असले तरी भट्टीच. माळा तर नकोच. दिवाणाखालचा कप्पा दिसायला गबाळा, पण जमिनीलगत, अंधारा आणि त्यातल्या त्यात थंड असल्याने त्याच्यासारखी जागा नाही. रावेर-यावलकडे केळीची जाड पुठ्ठ्याची खोकी सहज मिळतात. त्यांच्या पट्ट्या कापून आत खण पाडले की बाटल्या एकमेकींवर आपटत नाहीत. कंपनीचे मूळ खोके फेकू नये. उजेड अडवण्याचे काम ते फुकट करते.

वजनाचा हिशेब आधी करावा. 50 मिलीची काचेची भरलेली बाटली दीडशे-दोनशे ग्रॅमच्या घरात जाते. शंभर बाटल्या म्हणजे पंधरा-वीस किलो, आणि भुशाच्या बोर्डाची लांब फळी तेवढ्याने मधोमध वाकते. फळीला पुढून बोटभर उंचीची पट्टी ठोकावी. भुसावळात रुळांलगत राहणाऱ्यांना तिचे कारण सांगावे लागणार नाही. ओसरीत बंगई असेल तर तिच्या झोक्याच्या टप्प्यात फळी नको.

मांडणी

मराठी घरातल्या दिवाणखान्यात शोकेस असते आणि तिच्यात चषक, बाहुल्या, न वापरलेला कपबशांचा संच. शाईवाल्याची नजर तिच्यावर पडणे साहजिक. काचेची दारे, काचेच्या फळ्या, मागे एलईडीची पट्टी : बाटल्या दागिन्यांसारख्या दिसतात. पण भरलेल्या बाटल्या तिथे कायमच्या ठेवणे म्हणजे त्या हळूहळू विटवणे होय. खिडकीची साधी काच अतिनील किरणांचा एक भाग अडवते, सगळा नाही. आणि दिसणारा उजेडही रंग खातोच. एलईडीतून अतिनील जवळजवळ येत नाही, एवढाच दिलासा.

यावर प्रस्तुत लेखकाला पटलेला तोडगा असा की शोकेसमध्ये रिकाम्या बाटल्या मांडाव्यात आणि भरलेल्या आत ठेवाव्यात. बाटलीचे सौंदर्य शाई संपल्यावर कमी होत नाही. पायलटच्या इरोशिझुकूची जाड तळाची बाटली, वॉटरमनची पैलूदार, तिरपी ठेवता येणारी, लॅमीची टीपकागदाची गुंडाळी पोटाशी धरणारी, एर्बाँची कपाळावर पेन टेकवायला खाच असलेली. यांच्या शेजारी आजोबांची खरवडलेल्या लेबलाची दौत ठेवली की मांडणी आपोआप बोलू लागते. रिकाम्या बाटल्यांत रंगीत पाणी भरून ठेवणारेही आहेत. ते शोभेचे झाले, संग्रहाचे नव्हे.

भरलेल्या दाखवायच्याच असतील तर एका वेळी सात-आठ, उत्तरेच्या भिंतीला, आणि दर महिन्याला पाळी बदलून. रंगाच्या छटेप्रमाणे लावाव्या की कंपनीप्रमाणे, यावर संग्राहकांत एकमत नाही. छटेप्रमाणे लावलेली ओळ सुंदर दिसते, पण नवी बाटली आली की सगळी ओळ सरकवावी लागते.

नमुनापत्रे आणि शाईवही

बाटलीतली शाई आणि कागदावरची शाई यांचे रंग जुळत नाहीत. बाटलीत बहुतेक निळ्या काळ्याच दिसतात. म्हणून पाहुण्याला खरे दाखवायचे ते नमुनापत्र : जाड, शाई न फुटणाऱ्या कागदाचा पत्त्याएवढा तुकडा, त्यावर कापसाच्या काडीने ओढलेला रुंद पट्टा, खाली त्याच शाईने निबने लिहिलेले तिचे नाव आणि मागे तारीख. भोक पाडून कडीत ओवले की चाळता येतात. कडीत राहिलेल्या पत्त्यांना उजेडही लागत नाही.

नमुनापत्रावर एक प्रयोग होतो आणि त्याला खान्देशासारखे ऊन नाही. पट्ट्याचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून पत्र चैत्रात खिडकीच्या काचेला आतून चिकटवायचे. काही आठवड्यांनी कागद काढला की कोणती शाई किती उडाली ते रेघ मारल्यासारखे दिसते. महत्त्वाचे कागद कोणत्या शाईने लिहू नयेत हे त्यावरून ठरवावे.

नोंदीसाठी रोजमेळाची लांब लाल वही सोयीची : क्रमांक, नाव, किती मिली, आणल्याची तारीख, फोडल्याची तारीख, शेरा. तोच क्रमांक झाकणावर. वर्षातून दोन फेऱ्या पुरतात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, उन्हाचा कडाका असताना, पातळ्या पाहाव्यात. श्रावणात कानबाईच्या सणासाठी घर झाडून-रंगवून निघते तेव्हा कपाट तसेही रिकामे करावे लागते. त्याच वेळी वास घ्यावा, गाळ पाहावा, गंजलेली पत्र्याची झाकणे बदलावीत. रंगाऱ्याच्या हाती बाटल्या सोपवू नयेत.

सांडणे आणि उरणे

फरशीवर सांडलेली शाई चोळायची नाही. टीपकागद किंवा जुने सुती धोतर वरून दाबून ती आधी उचलायची, मग पाणी. संगमरवरावर डाग राहतोच. यासाठी पेन भरण्याचे काम ताटात करावे आणि घरात रांगते मूल असेल तर फडताळाला कडी असावी.

बाटलीच्या तळाशी चमचाभर शाई उरते आणि निब तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ती सिरिंजने काढून कुपीत घ्यावी. अशा चार उरलेल्या शाया एका बाटलीत ओतण्याची काटकसर अंगाशी येऊ शकते. आम्लधर्मी आणि अल्कधर्मी शाई एकत्र आली की कधी गाळ धरतो, कधी मिश्रण दह्यासारखे फाटते; नूडलर्सची बेस्टेट ब्लू तर इतर शायांशी न जुळण्याबद्दल प्रसिद्धच आहे. मिसळायचेच असेल तर थेंब-थेंब कुपीत मिसळून आठवडाभर वाट पाहावी, मगच पेनात. मोकळी झालेली बाटली साध्या पाण्याने विसळून, उपडी ठेवून पूर्ण कोरडी करावी; मग तिची रवानगी शोकेसमध्ये.