खिशातील पिस्तूल

कोटाच्या, बंडीच्या किंवा विजारीच्या खिशात मावेल आणि कापडावर ज्याचा आकार उमटणार नाही, असे आखूड नळीचे हस्तशस्त्र. व्यवहारात ते ‘पॉकेट पिस्तूल’ या नावाने ओळखले जाते. याच मापाच्या लहान रिव्हॉल्व्हरचा विचार पुष्कळदा त्याच्याबरोबरच केला जातो आणि येथेही तसाच केला आहे. मराठवाड्यातील परवानाधारकासमोर प्रत्यक्षात जी निवड असते, तिच्या अनुषंगाने ही तुलना आहे.

या शस्त्राचा आरंभ कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. अठराव्या शतकात इंग्लंड आणि बेल्जियममध्ये चकमकीची छोटी पिस्तुले खिशात बाळगली जात, म्हणून काही अभ्यासक आरंभ तेथपर्यंत मागे नेतात. दुसरा पक्ष फिलाडेल्फियाचा कारागीर हेन्री डेरिंजर याच्याकडे बोट दाखवितो. त्याने घडविलेल्या एकबारी पिस्तुलानेच १४ एप्रिल १८६५ रोजी अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. त्यामुळे हे नाव जगभर झाले आणि नकला करणाऱ्यांनी त्याचे स्पेलिंग किंचित बदलून आपल्या मालावर घातले. मात्र या दोन्ही पिढ्यांतील शस्त्रे एक-दोन बारांची होती. खिशात मावणाऱ्या चपट्या पिस्तुलात सहा-सात बार बसविण्याची किमया अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग याची असल्याने आधुनिक खिशातील पिस्तूल त्याच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक ठरते.

ब्राउनिंगच्या मॉडेलांचे सनही जपून वापरावे लागतात. बेल्जियममधील हेर्स्टाल येथील एफएन कारखान्याने त्याचे ७.६५ मिमी. पिस्तूल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात आणले. त्याच्यासाठी तयार झालेले काडतूस पुढे अमेरिकेत .३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तूल) म्हणून रूढ झाले. त्यानंतरचे ६.३५ मिमी.चे चिमुकले पिस्तूल काही सूचींत १९०५चे, तर काहींत १९०६चे म्हणून नोंदलेले आढळते. आराखडा आधीचा आणि विक्री नंतरची असे मानल्यास दोन्ही सन आपापल्या जागी बसतात. कोल्टने तेच शस्त्र १९०८मध्ये ‘व्हेस्ट पॉकेट’ नावाने काढले. त्याची लांबी सुमारे ११४ मिमी. आणि वजन पाऊण पौंडाच्या थोडे वर होते. मुठीच्या मागील बाजूस दाबली जाणारी सुरक्षापट्टी त्यात होती. मूठ घट्ट धरल्याखेरीज बार उडत नसे. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी खिशातील शस्त्राचा खरा धोका त्याच्या मालकालाच आहे हे ओळखून केलेली ही योजना आजही आदर्श म्हणावी अशी आहे. जर्मनीतील वाल्थरने १९२९मध्ये पीपी आणि त्यानंतर लवकरच अधिक आखूड पीपीके आणले. या जोडीने पहिला बार लांब, जड चापाने आणि पुढचे बार हलक्या चापाने, ही पद्धत खिशातील पिस्तुलांत रुजविली.

तुलनेचा गाभा यंत्ररचनेत आहे. जुन्या बहुतेक पिस्तुलांत नळी आणि स्लाइड (बार उडताच मागे सरकणारा वरचा भाग) यांची कुलूपबंदी नसते. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत स्लाइडला केवळ तिचे वजन आणि मागची स्प्रिंग रोखून धरते. रचना साधी व टिकाऊ, पण काडतूस जसे जोरदार तशी स्लाइड जड करावी लागते आणि हाताला बसणारा झटका कोरडा व तीव्र असतो. सुमारे ५९० ग्रॅमचे पीपीके याचे उदाहरण होय. उलट १९९९चे केल-टेक पी-३२ आणि २००८चे रुगर एलसीपी यांत नळी तिरपी होऊन सुटणारी कुलूपरचना वापरल्याने वजन अनुक्रमे सुमारे १८७ व २६५ ग्रॅमपर्यंत उतरले. हलकेपणाची किंमत मात्र नेम आणि सराव यांत मोजावी लागते. आखूड मूठ, जेमतेम दिसणारी माशी (नेम धरण्याची नळीवरील खूण) आणि उसळणारा हात यांमुळे अशा पिस्तुलाचा सराव कंटाळवाणा होतो व सराव सुटला की शस्त्र निरुपयोगी ठरते. काडतुसांचा जोर पाहता ६.३५ मिमी.ची ऊर्जा सुमारे ९० जूल, ७.६५ मिमी.ची १७० आणि .३८० एसीपीची २७० जूल भरते. नळी आखूड असल्यास हे आकडे आणखी घसरतात. ७.६५ मिमी. काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझीन (काडतुसांची पेटी) भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली तर दोन्ही अडकून बसतात, ही या बोअरची (नळीच्या व्यासाच्या मापाची) जुनी खोड आहे.

२०१८च्या सिग पी३६५पासून ९ मिमी.च्या, दहा काडतुसांच्या छोट्या पिस्तुलांची लाट आली. परदेशी तुलनांचा बहुतांश भर आता यांच्यावरच असतो. भारतात हा भाग गैरलागू ठरतो, कारण सैन्य-पोलिसांच्या वापरातील ९ मिमी. हा निषिद्ध बोअर आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ (अंमल १ ऑक्टोबर १९६२पासून) आणि शस्त्र नियम, २०१६ यांच्या चौकटीत सामान्य परवानाधारकासमोर मुख्यतः .३२ बोअर आणि काही प्रमाणात .२२ बोअर उरतो. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी आयातीवर निर्बंध आल्याने जुनी वाल्थर, ब्राउनिंग पिस्तुले हातोहात फिरतात आणि त्यांच्या किमती गुणवत्तेपेक्षा दुर्मिळतेने ठरतात.

देशी शस्त्रांत आयुध निर्माणींचे .३२ पिस्तूल आणि ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या वळणाचे .३२ रिव्हॉल्व्हर हे प्रमुख. कानपूरहून २०१४मध्ये आलेले ‘निर्भीक’ हे टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅमचे सहाबारी रिव्हॉल्व्हर, तर ‘निडर’ हे .२२ बोअरचे, सुमारे २५० ग्रॅमचे. येथे एक बाब ठळकपणे सांगितली पाहिजे: पिस्तुलाचे .३२ (७.६५ × १७ मिमी.) आणि रिव्हॉल्व्हरचे .३२ (७.६५ × २३ मिमी.) ही वेगळी काडतुसे आहेत व ती एकमेकांच्या जागी वापरू नयेत. खिशाच्या दृष्टीने पिस्तूल चपटे असते, रिव्हॉल्व्हरचे चक्र फुगून दिसते. मात्र बार न उडाल्यास रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढणे पुरते, पिस्तुलाची स्लाइड दोन्ही हातांनी ओढावी लागते. वर्षातून क्वचित सराव करणाऱ्यास रिव्हॉल्व्हर अधिक भरवशाचे, हे मत ग्राह्य वाटते.

मराठवाड्याच्या हवेचाही विचार करावा लागतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो. बंडी किंवा खादीच्या सदऱ्याच्या आतल्या खिशातील काळ्या मुलाम्याचे पोलाद घामाने गंजते, तर काळ्या मातीची बारीक धूळ तेलात मिसळून स्लाइडच्या खाचांत बसते. खिशात शस्त्राबरोबर किल्ल्या, सुटे पैसे, तंबाखूची डबी असे काहीही नसावे आणि चाप झाकणारे होल्स्टर (शस्त्राचे म्यान) असावे. नियमही तेच सांगतात. २०१६च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हस्तशस्त्र होल्स्टरसारख्या साधनात, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. म्हणजे येथे शस्त्र दिसू न देणे हे परवानाधारकाचे कर्तव्य आहे. कमरेला खोचून मिरविणे, वरातीत बार काढणे हे परवाना जाण्याचे कारण ठरते. २०१९च्या दुरुस्तीनंतर आनंदोत्सवातील गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर आली.

परवाना छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्त, तर अन्यत्र जिल्हादंडाधिकारी देतात. त्यासाठी हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. निवडणुकीच्या काळात छाननीनंतर शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४मधील मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर परवान्यांची फेरतपासणी होऊन अनेक परवाने रद्द झाले.

पिस्तुलापूर्वी लपवून बाळगण्याचे काम या भागात काठीतली गुप्ती आणि बिचवा करीत. बिनपरवाना गावठी कट्टा मात्र या तुलनेत धरता येत नाही. मध्य प्रदेशातील बडवानी, खरगोन भागांतून येणाऱ्या अशा शस्त्रांच्या नळीचे पोलाद तपासलेले नसते, चेंबरचे (काडतूस बसण्याच्या पोकळीचे) माप काडतुसाशी जुळेलच असे नसते आणि पडल्यास बार रोखणारी कोणतीही योजना बहुधा नसते.