सूर्यघड्याळ ‘मागे’ का पडतं?

उद्यानातलं सूर्यघड्याळ मोबाइलशी ताडून ‘अर्धा तास मागे आहे, बिघडलंय’ म्हणणारे हमखास भेटतात. बहुतेकदा बिघडलेलं काही नसतं. ते त्या गावची वेळ दाखवतं, मोबाइल ८२.५ अंश रेखांशाची, म्हणजे भारताची प्रमाणवेळ.

जयपूरच्या जंतरमंतरमधलं २७ मीटर उंच सूर्यघड्याळ, सम्राट यंत्र घ्या. त्याची सावली मिनिटाला सुमारे सहा सेंटिमीटर सरकते, अगदी डोळ्यांदेखत! तरीही तिथली वेळ प्रमाणवेळेपेक्षा सरासरी २७ मिनिटं मागेच. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, त्यामुळे हा फरक फेब्रुवारीच्या मध्याला ४१ मिनिटांवर जातो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला दहावर येतो. दुरुस्तीचा तक्ता शेजारी लावला की भांडण मिटलं.

खरी चूक वेगळीच असते. सावली पाडणाऱ्या काट्याचा जमिनीशी कोन त्या जागेच्या अक्षांशाइतका हवा: जयपुरात २७ अंश, पुण्यात साडेअठरा. लंडनसाठी घडवलेली पितळी तबकडी पुण्याच्या बागेत शोभेला मांडली, तर ती मात्र खरोखर चुकते, आणि कुठलाही तक्ता तिला वाचवत नाही. काटा होकायंत्राच्या नव्हे, भौगोलिक उत्तरेकडे रोखायचा. आणि वडाखाली तर मुळीच बसवू नका.