वाक्याच्या शेवटी ‘ऑफ’ आलं म्हणून इंग्रजी चुकत नाही

‘इंग्रजी वाक्याचा शेवट कधीही प्रिपोझिशनने करू नये’ हा नियम पिढ्यानपिढ्या घोकून घेतला जातो. मग ‘टर्न द लाइट ऑफ’ लिहिलं की लाल शाई ठरलेलीच. मुळात इंग्रजीत असा नियमच नाही. 1672 मध्ये कवी जॉन ड्रायडन यांनी बेन जॉन्सन यांच्या एका ओळीला या कारणासाठी नावं ठेवली आणि पुढच्या व्याकरणकारांनी त्यांचीच री ओढली. कोशकार हेन्री फाउलर यांनी 1926 मध्येच ही अंधश्रद्धा ठरवली, तरी ती काही गेली नाही.

शिवाय ‘टर्न ऑफ’मधलं ‘ऑफ’ हा क्रियापदाचाच तुकडा आहे. तो कुठे बसणार, हे सोबतचा नामसमूह, म्हणजे ‘द लाइट’सारखं नाम आणि त्याला जोडलेले शब्द, ठरवतो. नामसमूह छोटा असेल तर ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ दोन्ही चालतं. सर्वनाम आलं की निवड संपली: ‘टर्न इट ऑफ’च म्हणायचं. ‘टर्न ऑफ इट’ चूक. म्हणजे तो नियम पाळायला जावं तर वाक्यच बिघडतं! नामसमूह लांबलचक असेल, जसं ‘टर्न ऑफ द लाइट यू लेफ्ट ऑन इन द किचन’, तर ‘ऑफ’ आधीच उरकलेलं बरं. नाहीतर ऐकणारा ताटकळतो.

सगळीच अशी क्रियापदं फुटत नाहीत, हे मात्र खरं. ‘लुक आफ्टर हिम’मध्ये सर्वनामही नंतरच येतं.