डार्सी

डार्सी : खडकातून किंवा मातीतून द्रव किती सहज वाहतो, म्हणजे त्यांची पारगम्यता किती, हे सांगणारे एकक. फ्रेंच अभियंता हेन्री डार्सी (१८०३–५८) यांच्यावरून त्याला हे नाव पडले. वाळूच्या थरातून पाणी सोडून केलेल्या प्रयोगांवरचा त्यांचा नियम १८५६ साली प्रसिद्ध झाला.

१ सेंटीपॉइज श्यानतेचा (म्हणजे दाटपणाचा) द्रव, दर सेंटिमीटरला १ वातावरण दाबफरक असताना, १ चौ. सेंमी. छेदातून सेकंदाला १ घन सेंमी. वाहिला, तर माध्यमाची पारगम्यता १ डार्सी. यातली एकके एकमेकांत छाटली की उरते ते क्षेत्रफळ : सुमारे ०.९८७ चौरस मायक्रोमीटर. पूर्ण १ न येण्याचे कारण वातावरणदाब. तो १,०१,३२५ पास्कल धरलेला आहे.

क्षेत्रफळ म्हटल्यावर गुंठ्याचेही डार्सी करता येतात. १०१.१७ चौ. मी.चा गुंठा म्हणजे साधारण १०२ लाख कोटी डार्सी. गणित बरोबर, उपयोग शून्य. अणुकेंद्रकांच्या अभ्यासातले बार्न हेही क्षेत्रफळाचेच एकक. एका डार्सीत ते सुमारे ९,८७० लाख कोटी बसतात, पण हे रूपांतर कोणाला लागत नाही. खरी चूक होते ती ‘मिली’पाशी. मिलीडार्सी हा डार्सीचा हजारावा भाग. चौरस मिलीमीटर मात्र चौरस मीटरचा दहा लाखावा. मीटरबरोबर ‘मिली’चाही वर्ग होतो, डार्सीत होत नाही.

खानदेशात कामाचे रूपांतर निराळे : डार्सीवरून पाण्याचा वेग. भूजलपातळीचा उतार मीटरला १ मीटर धरला, तर २० अंश सेल्सिअसच्या पाण्यासाठी १ डार्सी म्हणजे दिवसाला सुमारे ०.८३ मीटर. उतार कमी, तसा वेगही त्याच प्रमाणात कमी. ३० अंशांना पाणी पातळ होते आणि हाच आकडा १ मीटरपुढे जातो. तापीच्या उत्तरेला, चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे, रेती आणि चिकणमातीचा गाळ साचलेला आहे. त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून उतरणारे नाले इथे बरेचसे जिरतात. समजा, रेतीचा थर २० डार्सीचा आहे आणि भूजलपातळीचा उतार २०० मीटरला १ मीटर. मग २० अंशांच्या हिशेबाने प्रवाह दिवसाला ८.३ सेंमी. येतो. रेतीत पोकळी २५ टक्के धरली, तर कणांमधून पाणी प्रत्यक्षात ३३ सेंमी. सरकते. केळीच्या बागांसाठी उपसा रोजचा, भरणा असा संथ.

तापीच्या दक्षिणेला बहुतेक काळा बेसाल्ट. अखंड कातळाची पारगम्यता नगण्य. पाणी मिळते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. एका बांधावरच्या दोन बोअरपैकी एक कोरडी जाते ती यामुळेच. बोअर मारताना ‘दोन इंची पाणी लागलं’ म्हणतात, तो मात्र प्रवाहाचा अंदाज. थराची जाडी आणि पातळी किती खाली गेली हे कळल्याशिवाय त्याचे डार्सीत रूपांतर होत नाही.