गाडी पुढे कव्हर करेल का? काळ-वेगाची गणितं, कोकणातली

काळ-काम-वेग म्हटलं की अर्ध्या वर्गाच्या पोटात गोळा येतो, पण खरं बघायला गेलं तर सूत्र एकच, अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ, बाकीची दोन त्यातूनच निघतात. मग शिष्यवृत्तीपासून पोलीस भरतीपर्यंत पोरं अडकतात कुठे? मला वाटतं, सगळं लक्ष वेगावर असतं म्हणून. आधी वेळ काढा. वेळांची बेरीज बिनधास्त करता येते, वेगांची सरासरी मात्र अशी डोळे झाकून काढता येत नाही.

चिपळूण ते रत्नागिरी रस्त्याने साधारण ९० किमी धरा. जाताना पाऊस, खड्डे, पुढे ट्रक, म्हणून ताशी ३० ने गेलात, येताना रस्ता मोकळा मिळाला, ताशी ६०. सरासरी? लोक ४५ म्हणून मोकळे होतात. पण जायला ३ तास, यायला दीड, १८० किमीला साडेचार तास लागले म्हणजे सरासरी आली ४०. हळू चालतो तेव्हा रस्त्यावर जास्त वेळ असतो ना आपण, म्हणून पारडं तिकडे झुकतं.

आता जरा खोचक प्रश्न. जाताना ३० नेच गेलोय, तर येताना गाडी किती पळवली की एकूण सरासरी ६० पडेल? ९० म्हणाल तर करून बघा, ४५ येते. १८० किमी ताशी ६० ने म्हणजे ३ तास, आणि ते ३ तास तर जातानाच संपले, आता हेलिकॉप्टर आणलंत तरी उपयोग नाही.

बोगद्याच्या गणितात गाडीची लांबी मिळवायची की नाही यावर पण गोंधळ असतो. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साधारण साडेसहा किमीचा आहे. गाडी समजा अर्धा किमी लांब, वेग ताशी ७०. इंजिन आत शिरल्यापासून शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत गाडी ७ किमी सरकते, म्हणजे बरोबर ६ मिनिटं. पण खिडकीत बसून तुम्ही घड्याळ लावलंत तर अंधार साडेपाच मिनिटांच्या थोडा वरच भरेल, कारण तुम्ही काही अर्धा किमी लांब नाही! त्यामुळे नियम पाठ करण्यापेक्षा घड्याळ कुठे चालू झालं आणि कुठे बंद झालं ते बघावं. उत्तर सेकंदात हवं असेल तर वेगाला ५/१८ ने गुणून मीटर-सेकंदात आणा, किमीत १००० मीटर आणि तासात ३६०० सेकंद, एवढंच आहे त्यात.

(समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांचं गणित कोकण रेल्वेवर फारसं चालत नाही, बहुतेक ठिकाणी ट्रॅक एकच, त्यामुळे एक गाडी क्रॉसिंगला मुकाट उभी.)

आणि ते "लेट झाली तरी पुढे कव्हर करेल हो" वालं गणित. जोराचा पाऊस असला की गाड्या ताशी ४० ने चालवतात. समजा ३० किमी तशी चालली, तर ४५ मिनिटं गेली, एरवी १०० ने १८ लागली असती, तोटा २७ मिनिटांचा. आता पुढे १०० ऐवजी ११० ने हाणली तरी दर १०० किमीला वाचतात जेमतेम साडेपाच मिनिटं, म्हणजे ती २७ मिनिटं भरून काढायला ४९५ किमी लागणार, तेही मध्ये कुठेही न थांबता, आणि रोह्यापासून ठोकूरपर्यंत अख्खी कोकण रेल्वेच आहे साधारण ७४० किमी.