आगरातली तळी उपसताना

आमच्या दापोलीकडच्या घरामागे, आगरात, जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली एक तळी आहे. बारा बाय दहा फूट, आत उभं राहिलं तर पाणी छातीला लागेल एवढी. रहाट होता तेव्हा विहिरीचं पाणी आधी हिच्यात पडायचं आणि मग पाटाने माड-पोफळींना जायचं. पंप आला, पाइप आले आणि तळीचं काम संपलं. पुढची वीसेक वर्षं तिच्यात फणसाची पानं, माडाच्या झावळ्या आणि शेजारच्या पोरांचे चेंडू तेवढे पडत राहिले.

दोन वर्षांपूर्वी मी ती ‘साफ’ करायला घेतली आणि कुठलाही नवशिका करेल तेच केलं. पालकाच्या रसासारखं झालेलं पाणी पंपाने काढून टाकलं, विहिरीचं नितळ पाणी भरलं, फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. बाराव्या दिवशी पाणी पुन्हा हिरवं. माडाला आळं करत असलेले शेजारचे काका कुदळ न थांबवता म्हणाले, “पाणी कशाला धुताय? खालचा चिखल काढा की.”

काका बरोबर होते. त्यामागची गोष्ट समजायला थोडं कॅनडात जावं लागतं.

ऑंटॅरिओ प्रांतात काही लहान तळी केवळ प्रयोगांसाठी राखून ठेवलेली आहेत. त्यातलं २२६ क्रमांकाचं तळं डमरूच्या आकाराचं. १९७३ साली डेव्हिड शिंडलर हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या डमरूच्या कमरेत प्लॅस्टिकचा पडदा ताणून त्याचे दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकलं. एका बाजूला त्याच्या जोडीने फॉस्फरसही टाकला. फॉस्फरसची बाजू शैवालाने हिरवीगार झाली, दुसरी होती तशीच राहिली. वरून काढलेला तो फोटो पुढे फॉस्फेटवाल्या, म्हणजे फॉस्फरस असलेल्या, साबणचुऱ्यांविरुद्धच्या वादात पुरावा म्हणून फार गाजला.

कार्बन हवेतून मिळतो. नायट्रोजनही काही नील-हरित जीवाणू हवेतून मिळवतात. फॉस्फरसला हवेची वाट नाही. तो माती, पानं, राख, विष्ठा यांतूनच यावा लागतो, म्हणून सगळं त्याच्यापाशी अडतं. आणि शैवालाला तो लागतो किती? एक ग्रॅम फॉस्फरसवर साधारण शंभर ग्रॅम सुकं शैवाल उभं राहू शकतं. ओलं धरलं तर त्याहून कितीतरी जास्त. आमच्या तळीच्या काठावर एके काळी राखेने भांडी घासली जात. राखेत फॉस्फेट असतंच. त्यावर वीस वर्षांचा पालापाचोळा. म्हणजे मी पाणी बदललं तेव्हा चालू खातं रिकामं केलं होतं, मुदत ठेव खाली जशीच्या तशी होती.

ही ठेव एरवी कुलूपबंद असते. कुलूप लोखंडाचं, अगदी शब्दशः. गाळात प्राणवायू पोहोचत असेल तर तिथलं लोह गंजलेल्या रूपात असतं आणि हा गंज फॉस्फेटला घट्ट धरून ठेवतो. कोकणात लोहाला काय तोटा? जांभ्याचा तांबडा रंग त्याचाच. पण तळाला पानं कुजू लागली की ती कुजवणारे जीवाणू प्राणवायू संपवतात. वरून नवा उतरायलाही वेळ लागतो, कारण स्थिर पाण्यात प्राणवायू हवेतल्यापेक्षा दहा हजारपट सावकाश पसरतो. प्राणवायू संपला की लोहाचं रूप बदलतं, ते विरघळतं आणि धरलेलं फॉस्फेट सुटून पाण्यात येतं. क्लिफर्ड मॉर्टिमर या शास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या तळ्यांवर काम करून १९४१-४२ मध्ये हे सविस्तर मांडलं. पुढचं चक्र कुणालाही सांगता येईल. फॉस्फेट आलं की शैवाल माजतं, माजलेलं मरून तळाशी बसतं, कुजतं, प्राणवायू आणखी घटतो, कुलूप आणखी सैल होतं.

एप्रिलअखेर तळी रिकामी करून आम्ही दोघे-तिघे आत उतरलो. गाळ फूटभर होता. बांबू खुपसला की बुडबुडे यायचे. तो मिथेन. १७७६ मध्ये इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठी, पुढे विजेची बॅटरी बनवणाऱ्या व्होल्टांनी असाच चिखल ढवळून तो गोळा केला होता. आमच्या बुडबुड्यांना शिवाय सडक्या अंड्यांचा वास होता, तो हायड्रोजन सल्फाइडचा. पण मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. घमेल्यात काढलेला गाळ काजळासारखा काळा होता. माडाच्या आळ्यात ओतल्यावर तासाभरात त्याचा वरचा थर भुरा पडू लागला, संध्याकाळपर्यंत विटकरी. काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. हवा लागली तसं लोह गंजू लागलं. मॉर्टिमर यांचं कुलूप माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा लागत होतं, फक्त आता माडाच्या बुंध्याशी, जिथे त्या फॉस्फरसचा उपयोग होता.

सगळा गाळ मात्र काढायचा नाही. तळाचा बोटभर थर आम्ही ठेवला. त्यात जलपिसवांची अंडी असतात. जलपिसू म्हणजे पाण्यात टुणटुण उड्या मारणारा, टाचणीच्या डोक्याएवढा कवचधारी प्राणी, शैवालावर जगणारा. याची अंडी सुक्या चिखलातही वर्षानुवर्षं टिकतात.

चिऱ्यांच्या दरजा सिमेंटने भरल्या आणि तिथे एक गंमत झाली. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि पाणी इतकं अल्कधर्मी होतं की मासे मरतात. तपासायला कागदी पट्ट्या नव्हत्या, पण स्वयंपाकघरात हळद होती. हळद लावलेला कागद बुडवला तर कुंकवासारखा लाल झाला. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं हे आजी सांगायची, तेच हे. तीनदा पाणी भरून काढलं तेव्हा कागद पिवळा राहिला. मग तळी पावसावर सोडून दिली.

पहिल्या पावसाळ्यात पाणी पुन्हा थोडं हिरवं झालं. या वेळी मी पंपाला हात लावला नाही. तुरटी फिरवा असंही सुचवून झालं. तुरटी फॉस्फेटला बांधते हे खरं, पण कोकणातल्या मऊ पाण्यात तिने आम्लता झपाट्याने वाढू शकते, म्हणून टाळली. त्याऐवजी पांढऱ्या कमळाचे दोन कंद कुंडीत लावून सोडले. पानांनी निम्मा पृष्ठभाग झाकला, शैवालाचं ऊन तोडलं. मासे घाईने सोडले नाहीत, कारण बरेचसे छोटे मासे आधी जलपिसवाच फस्त करतात. दिवाळीनंतर पऱ्यातले, म्हणजे ओढ्यातले, डोक्यावर पांढरा चमकता ठिपका असलेले आठ मासे आणले. त्यांना खाऊ घालायचा नाही असा घरात नियम आहे. पाहुण्यांची मुलं तो मोडतात.

डासांसाठी गंबुशिया सोडा असा सल्ला हमखास मिळतो. १९२८ मध्ये भारतात आणलेला हा अमेरिकी मासा बेडकांची पिल्लंही खातो, तेव्हा मी हात जोडले. चतुर मात्र न बोलावता आले. त्यांची अळी ओबडधोबड दिसते, पण तिचा खालचा ओठ घडी घालून ठेवलेल्या हातासारखा असतो. भक्ष्य टप्प्यात आलं की तो झटकन पुढे येतो आणि डासाची अळी आत. सप्टेंबरात कमळाच्या देठांवर चतुरांच्या सतरा रिकाम्या काती मोजल्या.

आता पाणी काचेसारखं नाही, कोऱ्या चहासारखं आहे आणि तळाची कुंडी दिसते. या मे महिन्यात पातळी उतरू लागली तशी गळतीची शंका आली. त्याची सोपी परीक्षा आहे. पाण्याने भरलेली बादली तळीतच दगडावर ठेवायची, आतल्या-बाहेरच्या पातळीवर खूण करायची. दोन्ही सारख्या उतरल्या तर पाणी उन्हाने नेलं, बाहेरची जास्त उतरली तर गळती. एका रात्रीत कळतं. मी बादली ठेवून मुंबईला निघून गेलो आणि आठ दिवसांनी परतलो. दोन्हीकडे तीन बोटं कमी. तळी गळत नव्हती. बादलीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. बाहेर, बादलीला टेकलेल्या पाण्यात, बराच वेळ बसून शोधली तरी एकही सापडली नाही.