गेस्ट वायफायचे आकडे वाचताना
(आमच्या लॉज, हॉटेल आणि कॅफेमालक ग्राहकांसाठी)

“खोल्या बारा आणि डॅशबोर्डवर नवे पाहुणे साठ कसे?” हा फोन सुट्ट्यांच्या मोसमात हमखास येतो. चौकशी केली की बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते: मध्यंतरी कुणीतरी वायफायचं नाव बदललेलं असतं.

कृपया ते परस्पर बदलू नका. वायफायला जोडताना फोन आपला एक पत्ता सांगतो, त्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. आमची यंत्रणा फोन त्यावरूनच ओळखते. पूर्वी तो कारखान्यातूनच ठरून यायचा. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून बरेचसे फोन तो लपवतात आणि प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट पत्ता देतात. कुठलं वायफाय, हे फोन नावावरून ठरवतो. तुम्ही नावापुढे ‘दिवाळी ऑफर’ लावलंत, की काल ओटीपी टाकलेला पाहुणा आमच्या यंत्रणेला आज अनोळखी. मग पुन्हा ओटीपी, तुमच्या पॅकमधला आणखी एक एसएमएस, आणि काउंटरवर “नेट चालत नाही”ची रांग. वरच्या मजल्यावर बाजारातला राउटर निराळ्या नावाने लावला तरी हेच होतं. रेंज कमी पडत असेल तर सांगा, त्याच नावाचा जोड-राउटर आम्ही बसवून देतो. नाव बदलायचंच असेल तर तेही वार्षिक सेवेत धरलेलं आहे, फक्त गर्दी नसलेला दिवस निवडू.

तोवर ‘उपकरणे’ हा रकाना सोडून ‘मोबाइल नंबर’ हा रकाना पाहा. माणसांचा अंदाज तोच देतो. उपकरणांत टॅब, लॅपटॉप आणि ओटीपीच्या पानावरूनच परतलेले फोनही येतात. नव्या आयफोनचा पत्ता पासवर्ड नसलेल्या वायफायवर अधूनमधून आपोआप बदलतो, त्याला आमच्याकडेही इलाज नाही.

पाहुणा नेटवर काय बघतो, हेही बरेचजण विचारतात, थोडं हळू आवाजात. नाव, नंबर, जोडल्याची वेळ आणि किती डेटा वापरला, एवढंच तुम्हाला दिसेल. व्हॉट्सअ‍ॅपचा किंवा बँकेच्या अ‍ॅपचा मजकूर कूटबद्ध होऊन जातो. राउटरला तो वाचता येत नाही. कोणी “सगळं दाखवतो” म्हणून स्वस्तात विकत असेल, तर पैसे देण्याआधी ते तुमच्याच फोनवर करून दाखवायला सांगा.

नंबरांची एक्सेल फाइल आम्ही सरसकट का देत नाही, याचा काहींना राग आहे. वायफायसाठी दिलेला नंबर जाहिरातीसाठी दिलेला नसतो, आणि संमतीशिवाय तो वापरणं २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या विरोधात जातं. म्हणून लॉगिनच्या पानावर ‘ऑफर कळवा’ची चौकट वेगळी आणि रिकामी ठेवली आहे. ती आधीच टिक करून देण्याची विनंती आम्ही मान्य करत नाही. ज्यांनी स्वतः टिक केली त्यांची यादी मात्र तुमचीच, कधीही घ्या. त्यांना घाऊक एसएमएस पाठवायला डीएलटी नोंदणी (घाऊक एसएमएस पाठवणाऱ्यांची मोबाइल कंपन्यांकडची नोंद) आणि मंजूर मजकूर लागतो; ते काम आम्ही वेगळ्या शुल्कात करून देतो.

परदेशी पाहुण्यांच्या नंबरवर ओटीपी बऱ्याचदा पोचत नाही. त्यांना रिसेप्शनवरून व्हाउचर द्या, पण त्यावर खोली क्रमांक टाकायला विसरू नका. नाहीतर पुढे चौकशी आली तर तो फोन कोणाचा होता, हे आम्हालाही सांगता येणार नाही.